चान्सेस किती ते नंतर बघू, फी कोण भरणार ते आधी

पत्र थोडक्यात, ओळख पटेल असं सगळं काढून:

"मॅडम, मी इचलकरंजीचा, आता बारावी सायन्स, स्टेट बोर्ड. दहावीला ९६.८ टक्के. अकरावीला ७४, कारण आमचं कॉलेज इंटिग्रेटेड आहे, सगळा वेळ जेईईच्या क्लासमध्ये जातो आणि अकरावीचे मार्क कोण विचारतं असं सगळेच म्हणायचे. सॅट, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांसाठीची परीक्षा, १६०० पैकी १४९०, त्यात मॅथ्स ७९०. मला अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्स करायचंय. लिस्ट अशी: एमआयटी, हार्वर्ड, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड, कॉर्नेल, बर्कली. बाबा पतसंस्थेत आहेत, आई झेडपी शाळेत शिक्षिका, दोघांचं मिळून वर्षाला बाराएक लाख. एक कन्सल्टंट साडेतीन लाख मागतोय. तो म्हणतो स्टेट बोर्डची मुलं तिकडे चालत नाहीत, प्रोफाइल बनवावं लागेल, एक एनजीओ काढू, एक रिसर्च पेपर छापून आणू. आणि अर्जात फायनान्शिअल एड, म्हणजे फीसाठी पैशाची मदत, पाहिजे असं अजिबात लिहू नकोस, चान्सेस निम्मे होतात, एकदा ॲडमिशन हातात आलं की मग मागता येते. बाबा म्हणतात हे सगळं खूळ आहे, गप जेईई कर. माझ्याकडे ऑलिम्पियाड वगैरे काही नाही, काकांच्या मागाच्या शेडमध्ये कामगारांच्या पगाराचा हिशोब एक्सेलमध्ये करून देतो तेवढंच. खरं सांगा, माझे चान्सेस किती? आणि बाबांना कसं समजवू?"

हे बघ, आधीच सांगते, मी कन्सल्टंट नाही. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि गेल्या बारा-तेरा वर्षांत बाहेर अर्ज करणाऱ्या बऱ्याच पोरांची शिफारसपत्रं लिहिलीत. त्यातली काही गेली, बरीच नाही गेली, आणि न गेलेल्यांमध्ये दोघं-तिघं मी शिकवलेल्यांतली सगळ्यात हुशार मुलं होती.

तुझा प्रश्न कुठून आलाय ते मला कळतं. आपल्याकडे कॅप राउंड असतो, मागच्या वर्षीची कट-ऑफ असते, सीईटीचे पर्सेंटाइल टाकले की कुठलं कॉलेज कितव्या राउंडला लागेल ते मोबाईलवर दिसतं, शेजारचे काकासुद्धा अंदाज सांगतात आणि तो बऱ्यापैकी बरोबर निघतो. तिकडे कट-ऑफ हा प्रकारच नाही. त्यामुळे "तुझे चान्सेस वीस टक्के" असं कुणी सांगितलं तर तो माणूस तुला काहीतरी विकतोय एवढंच समज. २०२४ साली हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या किंचित वर. पण हे साडेतीन टक्के सगळ्यांचे मिळून आहेत, त्यात खेळाडू म्हणून कोचने आधीच हेरलेली मुलं आहेत, ज्यांचे आईवडील तिथेच शिकले ती मुलं आहेत. एमआयटी परदेशी मुलांचा आकडा वेगळा काढून दाखवते आणि तो दोन टक्क्यांच्या आसपास असतो, कारण पदवीच्या वर्गात परदेशी मुलं साधारण दहा टक्क्यांपर्यंतच घ्यायची असं त्यांचं धोरण आहे. आणि त्या दोन टक्क्यांसाठी आपापल्या देशातून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडचं मेडल घेऊन आलेली पोरं तुझ्याबरोबर रांगेत असतात.

मग अर्ज करायचाच नाही का? तसं नाही म्हणत मी. तुझ्या मेलमध्ये मला सॅट, बोर्ड, ऑलिम्पियाड यापैकी कशाचीच एवढी काळजी वाटली नाही जेवढी त्या एका वाक्याची वाटली, एड मागू नकोस वाल्या. एड मागितली की चान्सेस कमी होतात हे कॉर्नेलला खरं आहे, स्टॅनफर्डला खरं आहे, हार्वर्डला साफ खोटं आहे, आणि तिन्ही ठिकाणी तुझ्या काही कामाचं नाही.

सविस्तर सांगते, कारण हे माझ्या सहकाऱ्यांनासुद्धा माहीत नसतं. परदेशी मुलांच्या बाबतीत तिकडच्या कॉलेजांचे दोन गट पडतात. एक नीड-ब्लाइंड, म्हणजे अर्ज वाचणारा माणूस तुला पैसे लागणार आहेत का हे बघतच नाही, आधी प्रवेशाचा निर्णय होतो, मग तुमच्या घरची परिस्थिती बघून जेवढे कमी पडतात तेवढे ते घालतात. परदेशी मुलांसाठी असं करणारी ठिकाणं बोटावर मोजण्याइतकी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट हे जुने, मग २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडन आले, अलीकडे ब्राउन आणि नोत्र दाम. दुसरा गट नीड-अवेअर, तिथे परदेशी मुलांच्या मदतीसाठी ठरावीक पैसा बाजूला असतो आणि निर्णय घेताना तुझा खर्च त्यांच्या डोळ्यासमोर असतो, म्हणून एड मागितली की स्पर्धा खरंच वाढते. स्टॅनफर्ड, कॉर्नेल, कोलंबिया, युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया सगळे यातले. आणि बर्कली या दोन्हीत नाही, कारण ते कॅलिफोर्निया राज्याचं सरकारी विद्यापीठ आहे, परदेशी मुलांना गरजेनुसार मदत देतच नाही. म्हणजे बर्कलीला तुला प्रवेश मिळू शकतो पण तू जाऊ शकत नाहीस. मग तो अर्ज कशाला, फी आणि चार निबंध वाया.

आता "ॲडमिशन आलं की मग मागू" याचं काय होतं ते बघ. या कॉलेजांचा सगळा मिळून वर्षाचा खर्च नव्वद हजार डॉलरच्या आसपास आहे, आजच्या भावाने पाऊण कोटीच्या वर, आणि असे चार वर्षं. प्रवेशाचं पत्र मार्चअखेर येतं. मग आय-२० नावाचा कागद लागतो, त्याच्याशिवाय व्हिसाचा अर्ज होत नाही, आणि तो कागद देण्याआधी कॉलेज विचारतं की पहिल्या वर्षाचे पैसे दाखवा. तेव्हा मदत मागायला गेलास तर बहुतेक नीड-अवेअर कॉलेजं सांगतात की अर्ज करताना मागितली नव्हती, आता मिळणार नाही, काही ठिकाणी तर पुढची चारही वर्षं नाही. माझी एक विद्यार्थिनी होती, तिला असंच कुणीतरी पढवलं होतं. एप्रिलमध्ये तिचे वडील आमच्या स्टाफरूममध्ये आले, दूधवाल्याकडची असते तसली पातळ पिशवी, तिच्यात एफडीच्या पावत्या, एलआयसीचे बॉण्ड, गावच्या जमिनीचा सातबारा, सगळं टेबलावर मांडलं आणि म्हणाले, मॅडम, एवढ्यात पहिलं वर्ष तरी होईल का. पहिलं झालंही असतं. दुसऱ्याचं काय? ती गेली नाही. आणि जायचं या भरवशावर तिने जेईई आणि सीईटी दोन्हीचा अभ्यास सोडलेला होता, ते दुखणं वेगळंच.

उलट बाजू बघ. हार्वर्डने २०२५-२६ पासून जाहीर केलंय की घरचं उत्पन्न वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत असेल आणि मालमत्ता त्या मानाने साधारण असेल तर घरच्यांनी काहीच भरायचं नाही, राहणं-जेवणसुद्धा त्यात. एमआयटीचं जवळपास तसंच आहे, प्रिन्स्टनने तर हद्द दीड लाख डॉलरपर्यंत नेली. आणि हे परदेशी मुलांनाही तसंच लागू. एक लाख डॉलर म्हणजे आपले नव्वद लाखांच्या आसपास, तुमचे आहेत बारा. कर्ज नाही, अनुदान. त्यामुळे तुझ्या घराचा हिशोब असा उलटा आहे की जिथे प्रवेश सगळ्यात अवघड ती कॉलेजं तुला सगळ्यात स्वस्त पडतात, आणि जिथे प्रवेश त्यामानाने सोपा, पर्ड्यू किंवा ॲरिझोना स्टेटसारखी मोठी सरकारी विद्यापीठं, तिथली फी तुमच्या आवाक्यात नाही. ज्यांच्या घरी वर्षाला चाळीस-पन्नास लाख खर्चायची ताकद आहे अशा वाचकांना मात्र मी उलट सांगेन, तुम्ही तीच विद्यापीठं आधी बघा, चांगली आहेत, उगाच आयव्ही लीगचं, म्हणजे हार्वर्डसारख्या जुन्या नावाजलेल्या विद्यापीठांचं, वेड घेऊ नका.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबियात गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची असा करार करून. म्हणजे बघ, एवढ्या मोठ्या माणसाच्याही बाबतीत पैसे कुठून हे बोट सुटायच्या आधीच कागदावर लिहिलेलं होतं. आज पदवीसाठी तसं कुणी मागे उभं राहणं कठीण आहे. आपल्या सरकारची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आहे आणि तीही पदव्युत्तर आणि पीएचडीला, जे. एन. टाटा एंडोमेंट पण पदवीनंतरचंच बघतं. बारावीनंतर जायचं तर पैसा जवळजवळ सगळा त्या कॉलेजकडूनच यायला हवा. एक अपवाद तुझ्याच लिस्टमध्ये आहे, कॉर्नेलला भारतीय विद्यार्थ्यांसाठी टाटा स्कॉलरशिप आहे, एका वेळी साधारण वीस मुलं तिच्यावर शिकत असतात. म्हणून कॉर्नेल ठेव, पण एड मागूनच.

मग लिस्ट नव्याने कर. बर्कली काढ. हार्वर्ड, प्रिन्स्टन, एमआयटी, कॉर्नेल राहू दे, स्टॅनफर्डचं तूच ठरव, तिथे छोटे छोटे निबंध खूप असतात आणि तुझ्याकडे वेळ कमी आहे. आणि ॲमहर्स्ट, बोडन, विल्यम्स, ग्रिनेल, मॅकॅलेस्टर ही नावं बघ, तू ऐकली नसशील कारण इचलकरंजीत काय, पुण्यातही कुणी ऐकलेली नसतात. ही लिबरल आर्ट्स कॉलेजं. नाव ऐकून बाबा विचारतील आर्ट्सला कशाला चाललास, तर त्यांना सांग की कॉम्प्युटर सायन्स आणि गणित तिथे व्यवस्थित शिकवतात, फक्त कॉलेज लहान, वर्गात पंधरा-वीस पोरं आणि प्रोफेसर स्वतः शिकवणारा. यातली काही नीड-अवेअर आहेत पण परदेशी मुलांवर बऱ्यापैकी पैसा खर्च करतात. सोपी मात्र यातली एकही नाही. सहा ते आठ कॉलेजं पुष्कळ झाली. कॉमन ॲपवर, म्हणजे एकच अर्ज बऱ्याच कॉलेजांना पाठवायच्या वेबसाइटवर, वीसपर्यंत टाकता येतात म्हणून वीस टाकणारी मुलं मी पाहिलीत, पंधराव्या कॉलेजच्या निबंधात बाराव्या कॉलेजचं नाव तसंच राहिलेलं असतं.

आणि आता जे सांगते ते जरा कडू आहे. पूर्ण मदत लागणाऱ्या परदेशी मुलाला अमेरिकेत सेफ कॉलेज नसतं. एकही नाही. तुझं सेफ कॉलेज सांगलीत आहे, पुण्यात आहे, जेईई आणि सीईटीतून मिळणारं. म्हणजे बाबा जे म्हणतायत ते तुझ्या अमेरिकेच्या प्लॅनच्या आड येत नाही, तो त्याच प्लॅनचा निम्मा भाग आहे. त्यांनी "खूळ" हा शब्द वापरला तो सोडून दे.

स्टेट बोर्डचं म्हणशील तर ते चालत नाही हे धादांत खोटं. तिकडे तुझ्या अर्जाबरोबर कॉलेजची माहिती जाते, कुठलं बोर्ड, किती मुलं, साधारण किती टक्के मिळतात, आणि तुला त्या पार्श्वभूमीवर बघतात. आयबी, म्हणजे आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या, शाळेतल्या मुलाशी विषयांची तुलना करून तुला कमी धरत नाहीत. अकरावीचे ७४ मात्र अडचणीचे आहेत, कारण तिकडे नववी ते बारावी चारही वर्षं मोजतात. आपल्याकडे अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष अशी जी समजूत आहे ना, ती फक्त आपल्याकडेच. आता ते मार्क बदलत नाहीत, तर लपवू नकोस आणि रडूही नकोस. अर्जात जादा माहितीची जागा असते तिथे दोन-तीन सरळ वाक्यं लिही, की कॉलेज इंटिग्रेटेड होतं, मी जेईईच्या मागे होतो, अकरावीकडे दुर्लक्ष केलं, चूक माझी. बारावीच्या सहामाहीला आणि प्रिलिमला मार्क वर आण, कारण ते फेब्रुवारीत मिडइयर रिपोर्टमध्ये, म्हणजे कॉलेजने वर्षाच्या मध्यावर तिकडे कळवायच्या मार्कांत, जातात आणि तेव्हा तुझं वाक्य खरं आहे का हे त्यांना दिसतं. सॅटचं म्हणशील तर प्रवेश मिळणारी बहुतेक मुलं १५०० च्या वर असतात, तू किंचित खाली आहेस, मॅथ्स झालंय, इंग्लिश वाढव. ऑगस्ट किंवा ऑक्टोबरला एकदा परत दे, सरावाला ब्लूबुक ॲप आणि खान अकॅडमी दोन्ही फुकट आहेत, आणि मग तो विषय बंद. १५२० झाले म्हणून कुणी घेत नाही.

खरी गोची वेगळीच आहे, शिफारसपत्र कोण देणार? इंटिग्रेटेडमध्ये तू कॉलेजात प्रॅक्टिकललाच दिसत असशील, तिथल्या सरांना तुझा चेहरासुद्धा आठवणार नाही. आम्हा शिक्षकांना जो ऑनलाइन फॉर्म येतो त्यात पत्राबरोबर एक तक्ता असतो, मुलगा सरासरी आहे, चांगला आहे, वरच्या दहा टक्क्यांत, वरच्या पाच टक्क्यांत, आणि शेवटचा चौकोन म्हणजे माझ्या आख्ख्या कारकिर्दीत भेटलेल्या मोजक्यांपैकी एक. पहिली तीन-चार वर्षं मी प्रत्येक पोराला शेवटचाच चौकोन टिक करायचे, आपलं पोर आहे, जाऊ दे म्हणून. मग एका वर्षी दोन मुलांनी एकाच कॉलेजला अर्ज केला आणि दोघंही माझ्या कारकिर्दीतले मोजके. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की वाचणाऱ्याला माझा फॉर्म म्हणजे नुसती रद्दी वाटली असणार. तर तू असं कर, आत्ता जुलैतच केमिस्ट्री किंवा मॅथ्सच्या कॉलेजच्या सरांकडे जा, आठवड्यातून एकदा तरी शंका घेऊन जा, खरीखुरी शंका, नोव्हेंबरपर्यंत त्यांच्याकडे लिहायला चार ओळी तरी जमतील. दहावीच्या शाळेतले एखादे सर तुला नीट ओळखत असतील तर त्यांचं जादा पत्र घे. कौन्सेलर म्हणून जी जागा असते ती आपल्याकडे प्राचार्य किंवा वर्गशिक्षक भरतात, त्यांना तो फॉर्म पहिल्यांदाच दिसणार आहे, शेजारी बसून भरून घे. आणि हो, प्राचार्यांचा ईमेल कॉलेजच्या नावाचा आहे का बघ, नसेल आणि जीमेल असेल तरी चालतं, फक्त तो उघडणारा माणूस पाहिजे. माझ्या एका पोराची लिंक तीन आठवडे अशा इनबॉक्समध्ये पडून होती जो शेवटचा गणपतीत कुणीतरी उघडला होता.

एनजीओ आणि पेपरबद्दल थोडक्यात. नको. दर वर्षी भारतातून शेकडो मुलं बारावीच्या जूनमध्ये संस्था स्थापन करतात आणि जानेवारीत ती बंद पडते, वाचणाऱ्यांना हे माहीत आहे. पैसे देऊन छापलेला पेपरही त्यांना ओळखू येतो. आणि एकदा बनवाबनवी सुरू झाली की थांबत नाही, २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका विद्यापीठात आपल्या देशातलाच एक विद्यार्थी पकडला गेला, मार्कशीटपासून ते वडील वारल्याच्या खोट्या दाखल्यापर्यंत सगळं बनावट देऊन त्याने पूर्ण स्कॉलरशिप मिळवली होती. अटक झाली, परत पाठवला. वडील जिवंत होते. साडेतीन लाखांत तुला जे मिळणार त्यातलं खरं कामाचं, म्हणजे कुठे काय भरायचं वगैरे, एज्युकेशनयूएसएवाले फुकट सांगतात, अमेरिकन सरकारचीच सेवा आहे, मुंबईत यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेच्या ऑफिसात त्यांचं केंद्र आहे, ऑनलाइनही बोलतात.

आता तुझं ते "तेवढंच". मागाच्या शेडमधला पगार कसा असतो हे मला थोडं माहीत आहे, माझं माहेर त्याच भागातलं. मीटरवर आणि पिकावर (पीक म्हणजे कापडातला आडवा धागा) मजुरी, एका कामगाराकडे चार-सहा माग, एखादा माग बंद पडला, बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) संपला, तार तुटत राहिली की मीटर कमी, आणि मग आठवड्याच्या शेवटी वहीत काय लिहिलंय यावरून हमखास वाद. तू ती वही एक्सेलवर आणलीस. मला यात बरेच प्रश्न पडले: आधी वाद कशावरून व्हायचे? तुझ्या शीटमुळे कुणाचा पगार वाढला, कुणाचा कमी झाला? ज्याचा कमी झाला तो काय म्हणाला? काकांना कधी वाटलं का की हे पोरगं उगाच नसती पारदर्शकता आणतंय? कामगाराला स्वतःचा आकडा फोनवर बघता येतो का, की अजून तुझ्याच फोनवर आहे? याची उत्तरं तुझ्याकडे आहेत, मेलमध्ये तू लिहिली नाहीस कारण ते "तेवढंच" होतं.

पण लगेच याची स्टोरी करायला धावू नकोस, गरीब यंत्रमाग कामगार आणि त्यांना तारणारा मी, असला निबंध लिहिलास तर कन्सल्टंटच्या एनजीओत आणि त्याच्यात फरक उरणार नाही. तू मालकाचा पुतण्या आहेस हेही त्या निबंधात यायला पाहिजे. ॲक्टिव्हिटीच्या यादीत प्रत्येक कामाला १५० अक्षरं मिळतात, स्पेससकट. तिथे कोरडं लिही: "२४ माग, ७ कामगार, दर आठवड्याला मीटर आणि पिकावरून मजुरी काढतो, वादाची नोंद वेगळ्या शीटवर." आकडे अर्थात तुझे टाक. मुख्य निबंधाला ६५० शब्द आहेत आणि तो कशावरही असू शकतो, यावर असलाच पाहिजे असं नाही. पहिला खर्डा मराठीत लिहिलास तरी चालेल, मी तर म्हणेन लिहीच, इंग्रजीत बसलास की "पॅशनेट" हा शब्द पहिल्या ओळीत येतो.

जाता जाता एक, तुझं गाव यंत्रमागाचं, गावातच डीकेटीईसारखं टेक्स्टाइलचं कॉलेज, आणि अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेटला टेक्स्टाइलचं आख्खं वेगळं कॉलेज आहे. पदवीला तिथे मदत मिळणं अवघड म्हणून लिस्टमध्ये टाक म्हणत नाही, पण कॉम्प्युटर सायन्स तुला स्वतःला पाहिजे की सगळे घेतात म्हणून, हे एकदा विचार.

आता बाबा. ते पतसंस्थेत आहेत. कर्ज मागायला आलेल्या माणसाला ते पहिला प्रश्न कुठला विचारत असतील? हप्ता कुठून भरणार. तुला ते तोच प्रश्न विचारतायत आणि तू त्यांना हार्वर्डच्या लायब्ररीचे फोटो दाखवतोयस, असं मला वाटतं. एका कागदावर कॉलेजचं नाव, वर्षाचा खर्च, परदेशी मुलाला मदत देतात का, आणि मदत नाही मिळाली तर काय, एवढं लिहून दाखव. शेवटच्या रकान्यात प्रत्येक ठिकाणी "जाणार नाही" असं लिही आणि त्यावर सही कर. गंमत नाही करत, खरंच सही कर. कर्ज काढून जाऊ आणि तिकडे नोकरी करून फेडू हा मार्ग मी तुमच्या घराला सुचवणार नाही, सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी, म्हणजे तिकडे नोकरी करायच्या व्हिसाच्या, अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली, त्याच वर्षी हार्वर्डचा परदेशी मुलं घ्यायचा परवाना सरकारने काढला आणि कोर्टाने ते थांबवलं, म्हणजे एवढं मोठं विद्यापीठही यातून सुटलं नाही. नोकरीच्या भरवशावर पाऊण कोटी उचलायचे हे दिवस नाहीत.

आणि मदतीचा अर्ज बाबांशिवाय होतच नाही. सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म आहे, त्यात दोघांचे रिटर्न, फॉर्म १६, बँकेतली शिल्लक, घर, जमीन सगळं लागतं. जमीन आजोबांच्या नावावर असेल तर आजोबांच्याच नावावर आहे असंच लिहायचं, काकांचे माग काकांचे, एकत्र कुटुंब आहे वगैरे खुलासा करायला शेवटी जागा असते तिथे चार ओळीत लिहा. अर्जाची फी बऱ्याच ठिकाणी ७५ ते ९० डॉलरच्या आसपास, ती माफ करून मागता येते, लाजू नकोस.

वेळेचं गणित मात्र अवघड आहे. लवकरचे अर्ज १ नोव्हेंबरला, नेहमीचे १ जानेवारीच्या आसपास, आणि जेईई मेनचं पहिलं सेशन जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांत. म्हणून निबंधाचे खर्डे गणपती ते दिवाळी या काळात, रविवारी तीन तास, बाकी आठवडा जेईई. लवकरच्या फेरीत हार्वर्ड किंवा प्रिन्स्टन यातलं एकच निवडता येतं, त्यांचे नियम तसे आहेत. २० डिसेंबरला जे झालंय ते पाठवायचं आणि लॅपटॉप बंद. एमआयटीचा निकाल १४ मार्चला लागतो, गणितातल्या पायचा आकडा (३.१४) म्हणून, तेव्हा तुझे बोर्डाचे पेपर चालू असतील, तर घरी आधीच सांगून ठेव की शेवटचा पेपर होईपर्यंत कुणीही पोर्टल उघडायचं नाही.

नाही झालं तर? २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, त्यातले पदवीला जेमतेम ३६ हजार, आणि एमएस-पीएचडीला जवळपास दोन लाख. म्हणजे आपली बहुतेक पोरं इथे इंजिनिअरिंग करूनच जातात, आणि पीएचडीला गेलास तर फी माफ होऊन वर स्टायपेंड मिळतो. फक्त इथे पहिलं वर्ष करून मग तिकडे ट्रान्सफर मारू असं डोक्यात असेल तर ते काढ, परदेशी ट्रान्सफर मुलांना मदत देणारी ठिकाणं फार थोडी आहेत.

आणि हे सगळं बाजूला ठेवून आधी एक काम कर. नववीची मार्कशीट. आपल्याकडे नववीची मार्कशीट कुणी जपत नाही, तुझीही सापडणार नाही, शाळेतून डुप्लिकेट काढावी लागेल, शिक्का आणि मुख्याध्यापकांच्या सहीसकट. शनिवारी शाळा अर्धाच दिवस असते, तेव्हा क्लार्कला वेळ असतो. पासपोर्ट फोटो बरोबर ने, मागतातच.